चष्मे कापणारा माणूस

रायपूरजवळच्या बीरगांवमधल्या एका खाजगी शाळेत मी तीन वर्षं शिकवलं. त्या तीन वर्षांत माझं वजन चार किलोने उतरलं, आणि त्यातलं निदान तीन किलो एका माणसाने खाल्लं, असं मी आजही सांगते.

पोरं त्यांना ‘रुको सर’ म्हणत. खरं तर ते सर नव्हतेच. कागदावर लॅब असिस्टंट होते. पण शाळेची घंटा, पाण्याची टाकी, फ्यूज, शिडी, सायकलींची शेड, सगळं त्यांच्याकडे. त्याआधी उरल्याच्या एका कारखान्यात पंधरा-सोळा वर्षं वेल्डर होते. कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा पहिला शब्द ‘रुको’, आणि मग ‘पहले देखने दो’. ते मूळचे गोंदियाकडचे, आम्हीही विदर्भातूनच आलेले. त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलत. लोकांसमोर ‘मॅडम’, एकट्यात ‘बाई’. पण ‘रुको’ मात्र हिंदीतच. मी एकदा म्हटलं, काका, माझ्याशी तरी ‘थांब’ म्हणत जा. तर म्हणाले, “थांब म्हटलं तं माणूस इचारते, काहून. रुको म्हटलं तं रुकते.”

खुर्चीवर बसण्याआधी ते ती हाताने दाबून पाहत. स्वतःची खुर्ची पाहिली तर माझं काही म्हणणं नाही. ते दुसऱ्याचीही पाहत. राज्य नवीन होतं, राजधानी नवीन होती, आणि दर महिन्याला कोणी ना कोणी साहेब पांढऱ्या गाडीतून तपासणीला येत. असेच एक साहेब आले. बडी मॅडमने, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, गुच्छ दिला. साहेब बसायला वाकले आणि यांनी मागून खुर्ची ओढून घेतली. साहेब अर्धे वाकलेले तसेच अधांतरी. यांनी खुर्ची उलटी केली, चारही पाय हलवून बघितले, एका पायाचा खिळा विटेच्या तुकड्याने ठोकला, खुर्ची सरळ केली नि हात जोडून म्हणाले, “अब बैठिए.” बडी मॅडम आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. यांना त्याचं काहीच नव्हतं. मला म्हणाले, “राजधानी झाली म्हणून खुर्चीचे पाय मजबूत झाले का?”

सहलीची बस आली तर हे बसखाली जाऊन पडले. पोरं डबे घेऊन, पावडर-बिवडर लावून रांगेत उभी. एक तास गेला, दीड तास गेला. बसखालून फक्त दोन चपला दिसत होत्या आणि मधूनमधून ठकठक ऐकू येत होती. शेवटी ड्रायव्हरचा अपमान झाला. तो म्हणाला, बीस साल से गाडी चला रहा हूँ, मेरे को सिखाएगा क्या, आणि बस घेऊन निघून गेला. यांचं नशीब की त्याआधी ते बाहेर आले होते. त्या दिवशी आम्ही शाळेच्या पटांगणात बसून डबे खाल्ले आणि पोरांना सांगितलं की हीच सहल.

बरं, दर वेळी त्यांना काही सापडे, असंही नाही. दहातल्या नऊ वेळा काहीच सापडत नसे. सापडलं असतं तर आमचा राग तरी गेला असता. बसमध्येही काही नव्हतं. मी विचारलं तेव्हा चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाले, “चांगली होती गाडी. एकदम फिट.”

आता माझं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. बाबा रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागले आणि रात्रपाळ्या करत करत फिटर म्हणून निवृत्त झाले. मी बीएस्सी झाले, तीही फर्स्ट डिव्हिजन, तेव्हा बाबांनी दारावरची पाटी नवीन करून घेतली. वर त्यांचं नाव, खाली माझं, आणि माझ्या पुढे ‘बी. एस्सी.’ माझ्या मोठ्या भावाचं नाव अजूनही पाटीवर नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते, ग्रहण पाळत नाहीत. ग्रहणाच्या दिवशी आई मुद्दाम ऐन ग्रहणात चूल पेटवायची आणि आम्हाला वाढायची. शेजारच्या बायका खिडक्या लावून बसलेल्या, आणि आमच्याकडे वांग्याच्या भाजीचा वास. मला त्या वासाचा फार अभिमान होता.

तर माझं शाळेतलं पहिलंच वर्ष. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी सूर्यग्रहण होतं. रायपूरला पूर्ण दिसणार नव्हतं, पण अर्ध्याहून जास्त सूर्य झाकला जाणार होता, आणि जानेवारीचं आभाळ म्हणजे धुतल्यासारखं. मी ठरवलं, सहावी-सातवीच्या पोरांना ग्रहण दाखवायचं. बडी मॅडम फाइलवरून मान न उचलता म्हणाली, दिखाइए. मग म्हणाली, “लेकिन एक बच्चे की आँख को भी कुछ हुआ तो आपको कल से आने की ज़रूरत नहीं.” माझी नोकरी तेव्हा कच्चीच होती. मी म्हटलं, मेरी ज़िम्मेदारी. बाजारातून पुठ्ठ्याचे, काळ्या फिल्मचे चाळीस चष्मे आणवले. वर्गात जाऊन सांगितलं, प्रत्येकाला एक चष्मा. पोरं बाकांवर उभी राहून नाचली.

चष्म्यांचं खोकं मी लॅबच्या कपाटात ठेवायला गेले. तिथे हे बसलेले होते.

“रुको,” म्हणाले.

दोन दिवस. दोन दिवस तो माणूस लॅबची दारं-खिडक्या लावून, शंभरचा बल्ब पेटवून, डोक्यावर टॉवेल घेऊन एकेक चष्मा बल्बसमोर धरून बसला. घंटा दुसऱ्या कोणीतरी वाजवली, तीही चुकीच्या वेळी. मी मधल्या सुट्टीत गेले तर मला टॉवेलखाली बोलावलं. म्हणाले, “आपल्या खोलीतलं काईच दिसलं नाई पाहिजे यातून. बल्बाची तार दिसली तं दिसू दे. पण तो ठिपका पाहा.” पहिल्या चष्म्यात मला दिसला: सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, म्हणजे फिल्मला भोक. दुसऱ्यात ठिपका नव्हता, ओरखडा होता. तिसऱ्यात काही दिसेना. म्हणाले, डोळा जरा अंधारात बसू दे. डोळा बसला, आणि ठिपका दिसला. पण मी म्हटलं, “मला नाही दिसत.” खोटं बोलले. चाळीस पोरांना शब्द देऊन बसले होते मी.

“तुले नाई दिसत तं नाई दिसत,” म्हणाले आणि तो चष्मा डाव्या ढिगात टाकला.

संध्याकाळी उजव्या ढिगात नऊ चष्मे होते. डाव्यात एकतीस. मी म्हटलं, काका, दोन-तीन सेकंद तर बघायचं आहे पोरांनी, एवढ्याशा ठिपक्याने काय होतं? त्यांनी लॅबची मोठी कात्री घेतली आणि डाव्या ढिगातला एकेक चष्मा मधोमध कापायला लागले. मी हात धरला. हात सोडवून घेतला नि पुन्हा कापायला लागले.

“टाकलेली वस्तू कोणीतरी उचलतेच, बाई,” म्हणाले. “कापलेली नाई उचलत.”

मी त्या दिवशी घरी जाताना भनपुरीपर्यंत ऑटोत रडत होते. शेजारच्या बाईने विचारलं, क्या हो गया बेटी. मी सांगितलं, चश्मा टूट गया. ती म्हणाली, नंबर का था?

दुसऱ्या दिवशी वर्गात खरं सांगितलं की चष्मे नऊच आहेत, आळीपाळीने बघू. तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, मैडम, कोई टेंशन नहीं, हमारे घर में वेल्डिंग का काँच है. दुसरा म्हणाला, हमारे भी. मग तिसरा, मग चौथा. बीरगांव आहे ते. प्रत्येक दुसऱ्या घरात बाप, काका नाहीतर भाऊ उरल्याला वेल्डिंग करतो, आणि प्रत्येक घरात खिळ्याला हेल्मेट टांगलेलं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, बघा, एका दारातून गेलं, दहा दारांतून आलं. हे मी मुद्दाम रुको सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

ते पांढरे पडले. मी त्यांना पहिल्यांदाच तसं पाहिलं.

शाळा सुटल्यावर मला म्हणाले, चल. कुठे, ते सांगितलं नाही. आम्ही घरोघर गेलो. तीन संध्याकाळी. मला न्यायचं कारण एवढंच, की मॅडम बरोबर असली की लोक दारातून आत बोलावतात आणि चहा देतात. चहाही ते प्यायच्या आधी उजेडात धरून बघत, माझी मान खाली जाई.

दर घरी तेच. काँच दिखाओ. मग हेल्मेटमधून काच काढून कडेला कोरलेला नंबर वाचायचा. कुठे दहा, कुठे अकरा. आणि मग घरातल्या कमावत्या माणसाला त्याच्याच घरात उभं राहून सांगायचं, की ही काच सूर्याला चालत नाही, चौदा नंबर लागतो, आणि चौदा नंबर तुमच्या कारखान्यात कोणी वापरत नाही. त्या माणसांना हे कसं लागत असेल, तुम्हीच सांगा. दिवसभर आग बघणारी माणसं ती. एकाने तर हेल्मेट चढवून दाखवलं आणि म्हणाला, भैया, मैं बीस साल से इसी काँच से देख रहा हूँ, मेरी आँख देखो, अखबार पढ़ता हूँ.

“बीस साल से लोहा देखा है, भाई,” हे म्हणाले. “सूरज नहीं देखा.”

मग त्यांनी फक्त एवढंच मागितलं की ग्रहण होईपर्यंत काच कारखान्यातच ठेवा, घरी आणू नका. पुष्कळांनी मानलं. काहींनी नाही मानलं, पण काच कपाटात ठेवून कुलूप लावलं. एका घरी कुलूपच नव्हतं, तर यांनी खिशातून काढून दिलं. खिशात कुलूप घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही सरिताच्या घरी गेलो. सरिता सातवीतली, माझी सगळ्यात हुशार पोरगी. घर शाळेच्या भिंतीला लागूनच. तिच्या घरी काचबिच नव्हती, बाप ट्रकवर होता. पण तिची आजी होती आणि आई होती. आईचे दिवस भरत आलेले. आजी जमिनीवर लसूण सोलत बसली होती. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गरहन मा लइका मन बाहिर नइ निकलंय, मैडम.” ग्रहणात पोरं बाहेर निघत नाहीत, आणि बहू तर मुळीच नाही. फक्त तिचंच म्हणणं नव्हतं. पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, सगळ्या बायकांनी ठरवलं होतं. त्या दिवशी दारं लावून पोरांना घरात बसवणार. म्हणजे नऊ चष्मेही कोणाच्या कामाचे नव्हते.

मी सुरू झाले. चंद्र, पृथ्वी, सावली. लसूण घेतला आणि वाटी घेतली, दिवा मागितला. आजीने दिवा दिला, सगळं पाहिलं, आणि पुन्हा म्हणाली, नइ निकलंय. सरिता कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी रुको सरांकडे बघितलं. निदान आता तरी हा माणूस माझ्या बाजूने बोलेल.

ते म्हणाले, “अम्मा ठीक कह रही हैं. बाहर नहीं निकलना है.” मग जरा पुढे सरकून आजीला विचारलं, भीतर रहे, अंधेरे में रहे, तो चलेगा? आजी म्हणाली, हव, भीतर रइही त कोनो बात नइ हे, म्हणजे आत राहिली तर हरकत नाही. हे म्हणाले, ठीक है, आणि उठले.

रस्त्यावर येईपर्यंत मी कशीबशी तोंड मिटून होते. नाल्याच्या पुलावर माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही माझे चष्मे कापले. मी गप्प बसले. तुम्ही त्या लोकांना त्यांच्याच घरात लाजवलं. मी गप्प बसले. आणि आता तुम्ही अंधश्रद्धेला हो म्हणता? मग माझ्या तोंडून निघालं ते असं: “मी बीएस्सी आहे, काका. तुम्ही आठवी पास. मला विज्ञान शिकवू नका.”

बाजूने जाणारे दोघं सायकलवाले वळून बघायला लागले.

त्यांना राग आलेला दिसला नाही. “नववीत बसलो होतो दोन महिने,” म्हणाले. “पण पास आठवीच, बरोबर हाय तुह्यं.” आणि पुलाचा कठडा हाताने हलवून बघितला. मला तिथून नाल्यात उडी मारावीशी वाटली.

पुढच्या तीन-चार दिवसांत ते काय करत होते, ते कोणालाच कळेना. विचारलं तर सांगत नसत. न तपासलेली गोष्ट ते बोलतही नसत, हा त्यांचा आणखी एक त्रास. भर दुपारी पटांगणात स्टुलावर वाळूची कुंडी ठेवून तिच्यासमोर उकिडवे बसलेले असत. भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून ट्रकच्या चार जुन्या ताडपत्र्या उचलून आणल्या आणि शाळेच्या हॉलच्या खिडक्यांवर ठोकल्या. मग पोरांना आत बसवलं, दार लावलं, आणि म्हणाले, जिथे उजेड दिसेल तिथे बोट दाखवा. पोरांना मजा. अंधारात ताडपत्रीची भोकं चांदण्यांसारखी दिसत होती, आणि हे शिडीवर चढून एकेक चांदणी डांबराच्या पट्टीने विझवत होते. शिडी चढायच्या आधी अर्थातच शिडी. बडी मॅडमने मला बोलावून विचारलं की हॉलमध्ये काय चाललं आहे. मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरले नाही.

संक्रांतीच्या दिवशी मला हॉलमध्ये बोलावलं. मी तिळगूळ घेऊन गेले होते, पण द्यायची इच्छा नव्हती. त्यांनी मला आत उभं केलं आणि स्वतः बाहेर गेले. मिट्ट काळोख. दाराला फक्त बोटभर फट. मग त्या फटीतून उजेडाची एक काठी आत आली, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि समोरच्या भिंतीवर फुलक्याएवढा गोल उमटला. पिवळट पांढरा. कडा अगदी साफ.

बाहेर जाऊन बघितलं तर दाढी करायचा आरसा. त्यावर काळा पुठ्ठा चिकटवलेला, पुठ्ठ्याला मधोमध वाटाण्याएवढं भोक. आरसा कुंडीतल्या वाळूत रोवलेला. बस.

सूर्याची प्रतिमा छिद्रातून पडते, हे मी कॉलेजात लिहून आठ पैकी सात मार्क घेतले होते. पण दार लावून, अंधार करून, घरात बसूनच ग्रहण दिसतं, बायका जे म्हणत होत्या, तेच करायचं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त आजीला हरवणं होतं. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण खरं ते खरं.

“तुम्ही पहिलेच सांगितलं असतं तर?” मी म्हटलं.

“पहिले जमत नव्हतं न,” म्हणाले. “आज जमलं.”

ग्रहणाच्या दिवशी सकाळीच आम्ही पाऱ्यात निरोप फिरवला: हॉल बंद राहील, आत अंधार राहील, कोणी बाहेर निघणार नाही, ज्याला आपलं पोर पाठवायचं त्याने स्वतः येऊन बसलं तरी चालेल. मला वाटलं, दहा-बारा येतील. ग्रहण लागायच्या अर्धा तास आधी हॉल भरला. पोरं, पोरांच्या आया, कडेवर लहानगी. सगळ्यात शेवटी सरिताची आजी आली आणि तिच्यामागे, पोटावर हात ठेवून, हळूहळू चालत, सरिताची आई. घराच्या पत्र्याला भोकं आहेत, इथे अंधार पक्का आहे असं ऐकलं, म्हणून आणली. आजीने बहूला दारात थांबवून आधी स्वतः हॉलची चक्कर मारली. ताडपत्र्या हाताने चाचपल्या. एका कोपऱ्यात तिला उजेड सापडला, यांना हाक मारली. दोघं मिळून तो कोपरा बघत उभी होती, डोकी वर करून. मी मनात म्हटलं, आता एकाचे दोन झाले.

दार लागलं. रुको सर बाहेर, एकटे. आरसा त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला साफ नकार दिला होता. आरसा हलला आणि चमक पोरांच्या डोळ्यात गेली तर? आणि सूर्य सरकत राहतो, तेव्हा दर मिनिटाला कुंडी गुंजभर फिरवावी लागते. तीन तासांच्या वर चालणारं काम.

भिंतीवर गोल आला. पोरं ‘हो’ करून ओरडली. थोड्या वेळाने गोलाची एक कड दबल्यासारखी दिसली, मग कोणीतरी उष्टावलेल्या फुलक्यासारखी. आणि मग आजी उठली, चाचपडत माझ्याजवळ आली आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ए सुरुज ए के फोटू?”

हा सूर्य आहे की फोटो?

काय विचारते आहे, ते मला पुरतं समजलं. फोटो असेल तर बहू बसेल. सूर्य असेल, तर ज्या उजेडापासून तिला नऊ महिने जपलं, त्याच उजेडात मी तिला आणून बसवलं. आजी उठली, तर तिच्यामागे सगळ्या आया उठतील, पोरांचे हात धरून भर ग्रहणात दार उघडतील, आणि दाराबाहेर उघडा सूर्य. माझी नोकरी, माझी पाटीवरची बी. एस्सी., सगळं त्या एका उत्तरावर. ‘फोटो आहे, दाई’ म्हणणं किती सोपं होतं. दारापलीकडे तो माणूस होता, पण त्याला विचारायला जाता येत नव्हतं. आठवलं एवढंच, की टॉवेलखाली मी एकदा खोटं बोलले होते आणि त्याने ते चुपचाप डाव्या ढिगात टाकलं होतं.

मी म्हटलं, “सुरुज ए, दाई. दरपन ले घाम आवत हे.” सूर्यच आहे, माय. आरशातून ऊन येतं आहे. आणि ऊन भिंतीवर पडतं आहे, बहूवर नाही.

आजी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. गोल आता खोबऱ्याच्या कापासारखा झाला होता. मग तिने मागे वळून बघितलं, उजेडाची ती काठी कुठून कुठे जाते ते. ती बहूच्या डोक्यावरून, हातभर उंचीवरून जात होती. आजी परत गेली, बहूला भिंतीकडेला दोन हात सरकवलं, स्वतःची शाल काढली आणि तिच्या पोटावर टाकली.

“देख ले,” म्हणाली. “फेर पेट ला तोप ले.”

बघून घे, पण पोट झाकून घे. अंधारात पदर सरकल्याचे आवाज आले. ज्यांच्या कडेवर लेकरं होती, त्यांनी लेकरांच्या डोक्यांवर पदर ओढले. कोणीही उठलं नाही. सरिता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझा हात धरला.

ते नऊ चष्मे शेवटपर्यंत खोक्यातून निघालेच नाहीत.

ग्रहण सुटत आलं तेव्हा मला एकदम आठवण झाली की बाहेर माणूस आहे. बाजूच्या दाराने, ताडपत्रीखालून वाकून गेले. ते तिथेच, स्टुलाच्या कडेला उकिडवे, सूर्याकडे पाठ, मानेवर ओला टॉवेल. गुडघे धरले होते, हे दिसत होतं. मी म्हटलं, काका, तुम्ही काहीच पाहिलं नाही, आत जा, मी धरते.

“रुको,” म्हणाले.

आता यावर काय बोलणार! त्यांनी मला समोर बसवलं. कुंडी फिरवायला लावली. जास्त फिरली, परत आणायला लावली. पुन्हा. पुन्हा. आरशात बघायचं नाही, हे तीनदा सांगितलं, मी तीनदा हो म्हटलं, चौथ्यांदा सांगितलं. दर वेळी कडेला उभं राहून माझी बोटं बघत होते. आतून पोरं ओरडत होती की सूरज हिल रहा है. मला रडू येईल की हसू, हे कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने, अगदी नाइलाज झाल्यासारखं, त्यांनी कुंडीवरून हात काढला.

“जमते तुले,” म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

ते आत गेले तेव्हा मी कुंडी धरून बसले होते, त्यामुळे आतलं मला सरिताने नंतर सांगितलं. तोपर्यंत ग्रहण संपलं होतं. रुको सर अंधारातून वाट काढत थेट भिंतीपाशी गेले. आजीने विचारलं, देखेव गुरुजी? त्यांनी भिंतीवरच्या गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर, सगळीकडून. मग हॉलकडे वळून सगळ्यांना सांगितलं, “पूरा है.”